मुकं रीळ

"अहो, सरका जरा!" ती ओरडली, पण जिन्यात पुढे उभा असलेला माणूस तसूभरही हलला नाही. तिच्या हातातले फिल्मचे तीन डबे त्याच्या पाठीवर आदळून खणखणत खाली गेले.

तो वळला तशी ती म्हणाली, "कान आहेत की नाही?"

तो तिच्या ओठांकडे पाहत म्हणाला, "आहेत. चालत नाहीत. सातव्या वर्षी तापात गेले." आणि डबे गोळा करायला वाकला.

धरणीने पोटात घ्यावं, असं तिला झालं.

चित्रपट-संग्रहालयात फाटक्या फिल्म सांधायचं काम ती सहा वर्षं करत होती. सध्या टेबलावर एक जुना, स्वस्तातला गुप्तहेरपट होता. तीन बंगल्यांत मिळून एकच सोफा, गोळी सुटली की हलणारी भिंत, आणि खुनी कोण हे पहिल्याच प्रसंगात शेंबड्या पोरालाही कळावं. शेवटच्या रिळाचा आवाज पार गेला होता. पात्रं काय बोलतात ते ओठांवरून वाचायला साहेबांनी चार दिवसांसाठी ज्याला बोलावलं होतं, तो हाच.

तो वाचायचा, ती लिहायची. तिसऱ्या दिवशी पडद्यावर गुप्तहेराने नायिकेला मिठीत घेतलं आणि तो खुदकन हसला.

"काय म्हणतेय ती?"

"म्हणतेय... 'तुमची मिशी सुटतेय.'"

"काहीतरीच!"

"शूटिंगच्या वेळी बोलली असेल; आवाज नंतर भरला असणार. बघा ना—" त्याने रीळ मागे घेतलं. मिशी खरंच एका बाजूने लोंबत होती.

"मग तिथे प्रेमाचं काहीतरी लिहू?"

"नको. दिसलं नाही ते मी सांगत नाही."

"फारच सरळ बुवा तुम्ही!"

"सरळ कसला? मघापासून पडद्यापेक्षा तुमच्याकडेच जास्त बघतोय."

"ते... मी बोलते म्हणून."

"गप्प असता तेव्हाही."

त्यानंतर अर्धा तास तिने सगळे ऱ्हस्व-दीर्घ चुकवले.

चौथ्या दिवशी चार वाजता रीळ संपलं. पाचला त्याची बस होती. दूरच्या गावी शाळेत नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. त्याने बॅग खांद्याला लावली. ती बघत राहिली. घरी आई तिला 'अळीमिळी' म्हणायची; मनातलं हिच्या ओठांवर येईल तर शपथ.

तो दारापर्यंत पोहोचला तेव्हा ती धावत पुढे गेली आणि खिडकीच्या उजेडात त्याच्यासमोर उभी राहिली.

"एक वाक्य राहिलंय."

"कुठलं?"

तिने तोंड उघडलं. आवाज फुटलाच नाही, नुसते ओठ हलले— मला तुम्ही आवडता. जाऊ नका... म्हणजे जा, पण परत या.



"पुन्हा म्हणा."

"कळलं नाही?"

"सगळं कळलं." त्याने बॅग खाली ठेवली. "पुन्हा बघायचंय."