बाबूसिंगच्या हातातली अमानत

ठेवा बे ते मोबाईल खाली. लाईट गेली तरी तुमचं टपटप चालूच! काय म्हणतं? गेम उडाला, सेव्ह गेला? गेला तं जाऊ दे लेका. गेलेलं सारं परत आणाचं नसते. आमच्या प्रफुल्लनं आणलता एकदा. प्रफुल्ल म्हणजे दिग्रसचा कॉम्प्युटर रिपेअरवाला, माह्या साडूच्या घरात भाड्यानं राहे. रोज बुद्धवंदना म्हणणारा गडी, भूतबीत काही मानत नव्हता. त्यानं सांगतलं ते सांगतो, माह्या पदरचं त्यात एक अक्षर नाही.

दोन हजार सातची होळी. तुमचा जन्म नव्हता तवा. कापसाचे लय वाईट दिवस, बाप्पा. जिनिंगच्या आवारात गाड्या रात्र रात्र उभ्या, अन् वरून बारा बारा घंटे लोडशेडिंग. त्या जिनिंगवाल्याचा पोरगा अमर. याच्याजवळ एक गेम होता. हातात लोखंडी रॉड घ्याचा अन् रस्त्यानं जो दिसन त्याले झोडपत सुटाचं. सहा महिने तेच खेळला अन् अगदी शेवटाले आलता. तेवढ्यात एक दिवस गेलेली लाईट आली ते डबल व्होल्टेजनं. फाट्‌कन आवाज झाला अन् कॉम्प्युटर ठप्प. प्रफुल्लनं उघडून पाह्यलं तं हार्डडिस्क आतून टकटक करून राह्यली होती. मेली म्हणूनच समजा.

शुक्रवारी दिवेलागणीले अमर दुकानात आला. आतून शटर पाडलं. रॉड काऊंटरवर ठेवला. गेममंधला नव्हे, खराखुरा.

"सकाळी माहा गेम चालू पाह्यजे."

"भाऊ, डिस्कच गेली तं मी काय करू?"

अमरनं त्याचा हात धरला अन् बोटं काऊंटरवर पसरून देल्ले. "बाबूसिंगचे दहा मोडले. तुहे कितीक हायेत?"

बाबूसिंग जिनिंगचा हमाल, जवळच्या तांड्यावरचा. आदल्या रात्री अमर एका गाडीवाल्याले बदडून राह्यला होता, तं हा मधात पडला अन् त्याचा हात धरला. "बस कर, मालक. माणूस हाय तो." एवढंच बोलला. सकाळी बाबूसिंग कापसाच्या गठाणींच्या खाली मेलेला भेटला. गठाणीवरून पडला, असं कागदावर लागलं. पडलेल्या माणसाचे दाही बोटं कसे मोडतीन, हे इचाराची कोणाची छाती झाली नाही. आता अमरनं आपल्याच तोंडानं सांगून टाकलं होतं. अन् पोटाले भाकर देणारे प्रफुल्लचे बोटं त्याच्या मुठीत होते.

"करतो, भाऊ," प्रफुल्ल म्हणाला.

तवा रिपेअरवाल्यायचा एक टोटका होता. मेलेली डिस्क प्लास्टिकमंधी गुंडाळाची अन् रातभर फ्रीजमंधी ठेवाची. कडक गार झाली का दहा मिंट चालते, तेवढ्यात माल काढून घ्याचा. पण लोडशेडिंगमंधी कोणाचा फ्रीज गार राह्यते? अख्ख्या गावात रातभर गार राहणारी एकच वस्तू होती. गावच्या मंडळाच्या भगवानरावनं वर्गणी करून आणलेली, मुडदा गार ठेवाची शवपेटी. तिले जनरेटर होतं.

अन् त्या रात्री पेटी रिकामी नव्हती. आत बाबूसिंग होता. त्याचा पोरगा सुरतेहून येणार होता म्हणून ठेवला होता.

मंडळाच्या टिनाच्या खोलीत पेटीजवळ त्याची बायको जमनाबाई बसली होती. प्रफुल्ल तिच्यासमोर उभा राह्यला.

"मावशी... एक वस्तू रातभर आत ठेवू का? कोणाची अमानत हाय. गार नाही झाली तं माहे हात जातीन."

बाईनं त्याच्या हाताकडे पाह्यलं. कोणाची वस्तू, कायले, काही इचारलं नाही. म्हणे, "त्याच्या हातातच दे. जलमभर वझं उचललं, पण कोणाचा माल कधी खाली पडू देल्ला नाही त्यानं."

प्रफुल्लनं झाकण उचललं. बाबूसिंगचे बोटं वाळल्या पऱ्हाटीच्या काड्यायवानी वाकडेतिकडे झाले होते. त्यानं गुंडाळलेली डिस्क त्या उघड्या तळव्यावर ठेवली. झाकण लावलं तं जमनाबाई हळूच म्हणे, "पडला म्हणते. तुले वाटते का रे, तो पडला असन?"

प्रफुल्लले सारं ठाऊक होतं. सांगतलं असतं तं... पण नाही सांगतलं. शरम वाटली त्याले, बम वाटली. पण भीती शरमेहून मोठी होती.

सकाळी झाकण उघडलं. हात उघडा नव्हता.

दोन्ही हाताचे दाही मोडके बोटं डिस्कभोवती आवळले होते. एकेक बोट सोडवून काढा लागलं.

दुकानात आणून डिस्क जोडली. चालू झाली. दहा मिंट झाले, अर्धा घंटा झाला, तरी चालूच. अन् गरमच होईना! दुसरीवर कॉपी घ्याले गेला तं घेऊ देईना. मंग त्यानं गेम उघडून पाह्यला. सेव्ह जागच्या जागी. अंधारी गल्ली. अमरचा माणूस रॉड घेऊन उभा. त्या गेममंधी मारलेला माणूस दोन घडीत गायब होये.

एक झाला नव्हता.

खांबाखाली पडला होता. डोक्याले मुंडासं. खांद्यावर गठाण उचलाचा हूक.

प्रफुल्लनं कशालेच हात लावला नाही. तरी तो उठला. एक पाऊल टाकलं. थांबला. मान वळवली. रॉडवाल्याकडे नाही... बाहेर. प्रफुल्लकडे. पाह्यलं... बम वेळ पाह्यलं. अन् मान परत फिरवली. हा तो नव्हे, असं.

प्रफुल्लनं मशीन बंद केली. हात जोडले. त्याच डिस्कसकट कॉम्प्युटरचा डब्बा बंद करून स्क्रूवर आपल्या दुकानाची पट्टी चिकटवली अन् अमरच्या घरी नेऊन देल्ला. गेममंधी काय पाह्यलं ते सांगाले पाह्यजे होतं का? तुम्हीच सांगा. बाबूसिंगसाठी जे तोंड उघडलं नाही, ते अमरसाठीही उघडलं नाही. त्याच दुपारी पोरगा सुरतेहून आला अन् बाबूसिंगले माती देल्ली. भगवानरावनं पेटीचं बटन बंद केलं अन् कुलूप लावून चाबी कडदोऱ्याले बांधली.

शनिवारी रात्री होळी. पहाटे ग्रहण होतं म्हणून म्हातारे लवकर घरी गेले. चौकात पोट्टे तोंडावर हात मारून बोंबलून राह्यले होते. प्रफुल्लही तिथंच उभा होता. समोर अमरच्या घराची माडी. खिडकीत कॉम्प्युटरचा निळा उजेड.

माडीवरून एक बोंब आली.

खालच्या पोट्ट्यायले लय मजा आली. "अमरभाऊची बोंब! वा रे वा!" त्यायनं खालून साथ देल्ली.

दुसरी आली. ही बोंब नव्हती, हे प्रफुल्लले समजलं. तिसरी... चवथी... मधात थोडं थोडं थांबे. कोणी सावकाश काम करून राह्यलं असं. पोट्टे नाचत होते. ढोलकं वाजत होतं. प्रफुल्ल मोजत होता. त्याले मोजाचं नव्हतं, बाप्पा...

दहा झाल्या.

मंग काहीच नाही.

धुळवडीच्या सकाळी दार तोडलं. आतून कडी होती. अमर खुर्चीवर. तोंड ओळखू येत नव्हतं. भिंतीवर रक्त, पंख्यावर रक्त, कीबोर्डची बटनं दातासारखी जमिनीवर पसरलेली. अन् दाही बोटं... मोडलेले. रॉड मात्र कोपऱ्यात जसाच्या तसा, कोरडा.

पोलिसानं प्रफुल्लले डब्बा उघडाले लावला. स्क्रू पक्के. वरची पट्टी शाबूत. आत डिस्क नव्हती.

आता अमरले ठेवाचं कुठं? पाहुणे दुरून येणार होते. भगवानराव म्हणे, चाल प्रफुल्ल, पेटी आणू. दोघं गेले. भगवानरावनं कडदोऱ्याची चाबी सोडली, कुलूप काढलं. कालपासून पेटी बंद होती. मार्चचं ऊन, वर तापलेले टिन, खोलीत नुसता भपका.

प्रफुल्लनं झाकण उचललं.

बाबूसिंगचा हात होता तिथं डिस्क ठेवून होती. प्लास्टिकमंधी गुंडाळलेली, त्यानं गुंडाळली होती तशीच. तिच्यावर बोटभर बर्फ होता. अन् त्या बर्फात दहा बोटं उमटले होते, वाकडेतिकडे.