नटावरचे ओरखडे

महागावच्या बसस्टँडपुढच्या चढावर ती लाल गाडी बंद पडली आणि मागं कापसाच्या टेम्पोंची रांग लागली. बुटकी, दोन सीटांची, बिनछताची जुनी विलायती स्पोर्ट्स कार... आणि आत कानापर्यंत लाल झालेला एक तरुण, गियरशी झटापट करत बसलेला.

बबिता हात पुसत समोरच्या आपल्या गॅरेजमधून बाहेर आली.

"जरा मेकॅनिकले बोलावता का?" त्यानं विचारलं.

"आली नं मेकॅनिक. सरका तिकडं."

तो सरकला. तिनं क्लचवर पाय ठेवला, डोळे मिटले आणि पेडल हळूच दाबलं. दगडासारखं जड. मध्येच करकरत होतं आणि अगदी तळाला टेकल्यावर कुठं क्लच सुटत होता.

"प्लेट चांगली आहे. वायर आतल्या आत घासून राह्यली."

"नुसतं पायाले कळते?"

"तुमचं काम काय?"

"ढोरांचा डॉक्टर. नयन. इथं नवीनच आलो."

"मंग? गायीचं पोट तुमाले हातालेच कळते नं?"

तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर खळी पडली... बबितानं लगेच बॉनेट उघडलं.

यवतमाळहून नवी वायर आली. तिनं ती बसवली, पेडलच्या सांध्याला ग्रीस भरलं आणि गाडीखाली शिरून वायरचा ताण ठरवणारा नट फिरवत राहिली. पेडल आधी बोटभर मोकळं जावं, मग क्लचनं जोर घ्यावा, असं तिला हवं होतं.

"दाबा. आता कसं वाटते?"

"लोण्यासारखं!"

"लोणी नको. कुठं पकडते ते पायाले समजलं पाहिजे."

त्यानं पेडल पुन्हा दाबून पाहिलं. मग वरून आवाज आला, "समजलं... चांगलंच समजलं."

तिच्या हातातला पाना खाली पडला.

पण थोड्याच दिवसांत गाडी परत आली. पेडल खाली गेलेलं, गियर खरखरत पडणारा. तिनं पुन्हा नीट लावलं. गाडी पुन्हा आली. तिचे वडील खेमसिंग चहा मागवायचे, डॉक्टरला आपल्या शेळ्यांची दुखणी सांगायचे आणि डॉक्टर ऐकता ऐकता बबिताकडं बघायचा. तिलाही त्याची वाट बघायची सवय लागली होती. मात्र लाल गाडी दिसली की आपल्याच कामाची शंकाही यायची. आपलं काम टिकत काहून नाही?

नागपूरला भीमराज नावाच्या माणसाचं जुन्या गाड्या दुरुस्त करण्याचं मोठं वर्कशॉप होतं. त्यानं तिचं काम पाहून तिला नोकरीला बोलावलं होतं. गाडी पुन्हा दारात उभी राहिली त्या संध्याकाळी तिनं फोन करून नाही म्हणून टाकलं.

"कायले?" खेमसिंगनी विचारलं.

"एक क्लच धड लावता येत नाही मले, बापू. तिथं जाऊन हसं करून घेऊ?"

त्यानंतरच्या खेपेला ती टॉर्च घेऊन गाडीखाली शिरली आणि तशीच थांबली. नटाच्या कडांवर ओरखडे होते. पकडीच्या दातांचे. नटाला ती पकड कधीच लावत नसे.

ती बाहेर आली. "डॉक्टर, घरी पकड आहे तुमच्या?"

"...आहे."

"नट तुम्ही ढिला करता?"

"हो. म्हणजे... इथं यायले दुसरं कारणच सुचलं नाही."

क्षणभर तिला हसू फुटलं. दुसऱ्याच क्षणी डोळे भरून आले. "नागपूरच्या नोकरीले नाही म्हटलं मी! माझा हातच बिघडला, असं समजून राह्यली होती."

नयनचा चेहरा उतरला. "मले माहीत नव्हतं... चुकलंच माझं. उद्या नागपूरले चला. मी सांगतो त्यांना."

"जा तुम्ही," एवढंच ती म्हणाली.

तरी सकाळी तो आला. खेमसिंग म्हणाले, "जाय पोरी. राग त्याच्यावर काढ, नोकरीवर कायले काढते?"

नट पुन्हा नीट लावून गाडी तिनंच चालवली. वाटभर नजर रस्त्यावरच ठेवली. वर्कशॉपमध्ये सगळ्या कारागिरांसमोर नयननं आपली करामत सांगितली. खाली मान घालून, पण एक शब्दही न गाळता. भीमराजनं पेडल दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं आणि बबिताला विचारलं, "सोमवारपासून जमेल?"

परतताना आर्णीच्या पुढं तिनं गाडी रस्त्याकडेला थांबवली. शेतात बाया कापूस वेचत होत्या.

"आता तुम्ही जाणार," नयन म्हणाला. "मी माझ्याच हातानं..."

"हो."

"आवडता तुम्ही मले, बबिता. पहिल्याच दिवशी सांगायले पाहिजे होतं."

तिनं स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. पुन्हा पुसली. "मले बी आवडता तुम्ही... पण असं खोटं पुन्हा चालणार नाही."

"नाही करणार."

"शनिवारी मी नागपूरच्या बसनं यवतमाळले येईन. न्यायले येसान?"

"बसच्या आधी येईन."

"अन् ते तुम्ही-तुम्ही सोडा. किती दिवस म्हणसान?"

"बरं... तू... तू म्हणशील तसं," तो कसाबसा म्हणाला आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले. बबिता एवढ्या मोठ्यानं हसली की शेतातल्या बाया कंबरेला हात लावून, उभ्या राहून बघायला लागल्या.