लाल दिव्याआडचा घोर

"आणि इन्स्पेक्टर वळून म्हणाला, खून करणारा माणूस याच खोलीत आहे, आणि त्याचं नाव..."

इथं ठोकळा मेला.

ऐकण्याच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या आजोबांनी कानावरचे हेडफोन काढले, मांडीवर ठेवले आणि अगदी शांतपणे विचारलं, "आज पण?"

"आज पण," चिमटा म्हणाली.

चिमटा म्हणजे मावशीची भाची. दुसऱ्याच्या बोलण्यातली चूक अचूक पकडते म्हणून तिचं नाव चिमटा. सुट्टी लागली की ती मावशीकडे यायची. तिच्यामागे तिचा धाकटा भाऊ यायचा, म्हणून तो शेपूट. आणि शेजारचा एक मुलगा न बोलावता यायचा. त्याला जगातल्या सगळ्या गोष्टींची कारणं माहीत होती आणि ती सगळी चुकीची होती. त्याला प्रोफेसर म्हणत.

मावशी बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात काम करायची. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी माणसं इथं येऊन पुस्तकं मोठ्यानं वाचत, ती रेकॉर्ड होत, आणि ऐकणारे ती ऐकत. सगळी पुस्तकं एका जुन्या, चौकोनी, धूळखाऊ कॉम्प्युटरमध्ये होती. तोच ठोकळा. त्याच्यावर लिनक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम चालायची आणि त्याची सगळी देखभाल मावशी करायची. लिनक्सला पैसे पडत नाहीत, या एकाच कारणासाठी व्यवस्थापक साहेबांचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

"फुकट मिळालेली वस्तू अशीच मरायची," असं ते म्हणत. हा आठवडाभर ठोकळा रोज दुपारी मरत होता, त्यामुळे त्यांना म्हणायलाही सोपं जात होतं.

मावशी धावत आली, ठोकळ्याचं बटण दाबून तो बंद केला, पुन्हा चालू केला. थोडा गुरगुरून तो जिवंत झाला.

"डिस्क भरते," ती कपाळ पुसत म्हणाली. "कोणी कुठवर ऐकलं त्याची खूण ठेवायलासुद्धा जागा उरत नाही, मग ऐकणंच थांबतं आणि पुस्तक पुन्हा पहिल्यापासून लावावं लागतं. बंद करून चालू केलं की जागा परत येते. कुठून येते, कुठं जाते, मला कळत नाही."

"उन्हामुळे," प्रोफेसर म्हणाला. "उन्हात वस्तू फुगतात. पुस्तकं फुगली असणार."

चिमट्यानं त्याच्याकडे पाठ फिरवली. प्रोफेसरला त्याची सवय होती.

"उद्या संध्याकाळी ग्रंथालयाच्या अध्यक्षबाई येणार आहेत," मावशी खालच्या आवाजात म्हणाली. "साहेबांनी एका कंपनीची विकतची सिस्टीम सुचवलीय. ती आली की ठोकळा भंगारात."

"आणि तू?" चिमट्यानं विचारलं.

"विकतच्या सिस्टीमबरोबर त्यांचा माणूस येतो." मावशीनं हेडफोनची वायर उगाचच गुंडाळली. "मी कशाला लागेन?"

मावशी हे हसत म्हणाली, आणि म्हणूनच चिमट्यानं ती वायर तिच्या हातातून काढून घेतली.

"दिवा विझला," शेपूट म्हणालं.

"कुठला रे?"

"तिकडचा. लाल. मघाशी होता."

कॉरिडॉरच्या टोकाला रेकॉर्डिंगची खोली होती. जाड दार, कापसाच्या भिंती, आत एसी. वाचणाऱ्याच्या दोन्ही हातांत पुस्तक असतं, म्हणून टेबलाखाली पायानं दाबायचं पेडल होतं. ते एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू आणि दाराबाहेर लाल दिवा. आणि दिवा लाल असताना ते दार उघडायचं नाही, हा इथला सर्वांत कडक नियम होता. एकदा छताला आग लागली होती तेव्हासुद्धा लोकांनी आधी दिवा विझायची वाट पाहिली होती, असं मावशी सांगे. आग छोटी होती, हेही सांगे.

"असेल कोणीतरी वाचत," प्रोफेसर म्हणाला.

"वाचणारे सकाळी येतात," चिमटा म्हणाली. "दुपारी कोण येतं?"

तिनं मावशीकडे पाहिलं. "मावशी, तू बंद करून चालू करतेस तेव्हा ठोकळ्याच्या आत जे काही चाललेलं असतं, ते सगळंच थांबतं ना?"

"सगळंच."

"म्हणजे चोर घरात असताना तू रोज आधी घर धुऊन काढतेस आणि मग चोर शोधतेस."

मावशी मटकन खुर्चीत बसली. "पंधरा वर्षं हे काम करतेय मी," ती शेवटी म्हणाली. "उद्या मेला तर बटणाला हात लावायचा नाही."

"आणि माझा खुनी?" आजोबांनी कोपऱ्यातून विचारलं.

"आजोबा, उद्या थोडं थांबाल?"

"बाळ, मी घड्याळं दुरुस्त करायचो," आजोबा म्हणाले. "थांबलेल्या गोष्टींबरोबरच आयुष्य काढलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेपटाला कॉरिडॉरमध्ये पहाऱ्यावर बसवलं. त्याला फक्त दिव्याकडे बघायचं होतं. हे काम त्याला इतकं आवडलं की पापणी मिटायची झाली तर तो एकेक डोळा मिटत होता.

"लागला!" तो आत येऊन ओरडला. "लाल!"

"आत कोण गेलं?"

शेपटाचा चेहरा पडला. "मी दिव्याकडे बघत होतो. दाराकडे बघायचं असं कोणी सांगितलं नव्हतं."

ते खरंच होतं, त्यामुळे कोणी रागावू शकलं नाही.

मावशी ठोकळ्यासमोर बसली. काळ्या पडद्यावर तिनं डीएफ एवढी दोन अक्षरं टाइप केली. डिस्कवर किती जागा उरली हे ठोकळा त्यावरून सांगतो. थोडी उरली होती. मावशीनं पुन्हा विचारलं. आणखी थोडी. ऊन खिडकीतून टेबलावर सरकलं, टेबलावरून खुर्चीवर आलं, आणि जागा वितळतच राहिली. शेवटी कोपऱ्यातून आजोबांचा आवाज आला. "इन्स्पेक्टर वळलाय, पण बोलत नाहीये."

"डिस्क भरली," मावशी म्हणाली. तिचा हात सवयीनं बटणाकडे निघाला. चिमट्यानं तो हातात धरून ठेवला.

"आता मोजू," चिमटा म्हणाली.

मावशीनं डीयू टाइप केलं. हे वेगळं. हे कपाटातली एकेक वस्तू मोजून बेरीज सांगतं. ठोकळा बराच वेळ मोजत बसला. बेरीज आली, आणि ती कमी आली.

"कपाट गच्च भरलंय," चिमटा सावकाश म्हणाली, "पण वस्तू मोजल्या तर तेवढ्या नाहीत."

"भूत," प्रोफेसर म्हणाला.

आणि मावशी म्हणाली, "बरोबर."

प्रोफेसर आयुष्यात पहिल्यांदाच बरोबर ठरला होता. त्याला काय करावं कळेना, म्हणून तो खाली बसला.

"बघा," मावशीचे डोळे चमकायला लागले होते. "फाईलचं नाव म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली म्हणून आत बसलेला माणूस निघून जात नाही. कुठल्यातरी प्रोग्रॅमनं एखादी फाईल उघडून धरली असेल आणि कोणी तिचं नाव पुसलं, तर नाव जातं, पण फाईल तशीच राहते. वाढतसुद्धा राहते. मोजणारा पाट्या वाचत फिरतो, त्याला ती दिसणारच नाही."

"आणि ठोकळा बंद केला की धरणारा प्रोग्रॅम मरतो," चिमटा म्हणाली, "फाईल सुटते आणि जागा परत."

"आणि पुरावा गायब."

"पण नाव पुसलं कोणी?"

मावशीनं पडद्यावरून नजर खाली वळवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मी. म्हणजे माझ्या केरसुणीनं."

केरसुणी म्हणजे मावशीनंच लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम. काही जण पुस्तकाचं नाव न टाकताच पेडल दाबून बघायचे. असे बिननावाचे तुकडे साचू नयेत म्हणून केरसुणी दर थोड्या वेळानं फिरायची आणि ते पुसायची. कोणी अजून धरून बसलंय का, हे ती विचारत नसे.

"मग आज विचार," चिमटा म्हणाली.

मावशीनं आणखी एक आज्ञा टाइप केली. उघड्या असलेल्या, पण नाव नसलेल्या फाईली दाखव. पडद्यावर एकच ओळ उमटली. प्रचंड मोठी, बिननावाची फाईल. धरणारा प्रोग्रॅम, रेकॉर्डर.

सगळ्यांनी कॉरिडॉरकडे पाहिलं. दिवा लाल होता.

"दार उघडू या," प्रोफेसर कुजबुजला.

"दिवा लाल आहे," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात असं काही होतं की तो विषय तिथंच संपला.

"दार नको," चिमटा म्हणाली. "फाईल ऐकू."

धरून ठेवलेल्या फाईलपर्यंत जायला लिनक्समध्ये एक मागचं दार असतं. मावशीनं तिथून आत शिरून आत्तापर्यंतचं सगळं एका पेन ड्राईव्हवर उतरवून घेतलं. डिस्कवर तर तीळभर जागा नव्हती. तिनं ती प्रत ऐकण्याच्या खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर लावली, आणि नेमक्या त्याच वेळी दारात अध्यक्षबाई उभ्या राहिल्या. त्या ठरल्या वेळेच्या नेहमी आधी येत, म्हणजे लोक खरंच काय करतात ते दिसतं.

"व्यवस्थापक कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

"रोज दुपारी त्यांची मीटिंग असते," मावशी म्हणाली.

स्पीकरमधून आवाज आला.

घर्रर्र. थोडी शांतता. फुस्स. घर्रर्र.

"सिंह," प्रोफेसर म्हणाला. आयुष्याची गाडी पुन्हा रुळावर आली होती.

आजोबांनी मान तिरकी केली. "सिंह नाही. चावी जास्त दिलेलं घड्याळ. हा माणूस फार दमलेला आहे." ते आणखी ऐकत राहिले, आणि स्पीकरमधला माणूस झोपेतच खोकला. "आणि हा खोकला मी रोज सकाळी ऐकतो. 'फुकट मिळालेली वस्तू अशीच मरायची' म्हणायच्या आधी येतो तो."

मावशीचे डोळे विस्फारले. चिमट्याला हसू फुटणार होतं. पकडलं, साहेबांना अगदी चिमटीत पकडलं, असं तिला वाटलं. तेवढ्यात घोरणं थांबलं आणि स्पीकरमधून झोपेतला एक केविलवाणा आवाज आला.

"शू... शू... झोपा रे बाळांनो. एक तरी झोपा. धाकटी नाही तर थोरली. कोणीही चालेल."

चिमट्याचं हसू आल्या वाटेनं परत गेलं.

"जुळ्या मुली आहेत त्याला," अध्यक्षबाई हळूच म्हणाल्या. "तीन महिन्यांच्या. बायकोचीही तब्येत बरी नसते." त्यांनी लाल दिव्याकडे पाहिलं, मग ठोकळ्याकडे, मग मावशीकडे. "मला सगळं नीट सांगा बघू."

मावशीनं सांगितलं. केरसुणीचं, आपल्या रोजच्या बटण दाबण्याचंही सांगितलं. चिमट्यानं मध्येच दोन चुका दुरुस्त केल्या. मग मावशीनं रेकॉर्डर थांबवला. डिस्कवर भसकन जागा झाली, कॉरिडॉरमधला दिवा विझला, आणि आजोबांनी घाईघाईनं हेडफोन चढवले.

"आता दार उघडायचं?" शेपटानं विचारलं.

"नको," अध्यक्षबाई म्हणाल्या. "झोपू दे त्याला." आणि त्या दारासमोरच्या बाकावर बसल्या. मग सगळेच बसले.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. साहेबांच्या एका गालावर टेबलाच्या कडेची उभी रेघ उठली होती. त्यांनी समोरच्या बाकाकडे पाहिलं. बाकानं त्यांच्याकडे पाहिलं.

"मी मीटिंगमध्ये होतो," ते म्हणाले.

"कशी झाली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"छान."

"कोणकोण होतं?"

साहेबांनी उत्तर शोधायचा मनापासून प्रयत्न केला, पण झोप अजून पुरती उतरली नव्हती. ते बाकाच्या टोकाला बसले. "दिवा लावला की आत कोणी येत नाही," ते म्हणाले. "मी फक्त दिव्यासाठी पेडल दाबायचो. रेकॉर्डिंग पण होतं हे डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, पुस्तकाचं नाव टाकलं नाही म्हणजे काही रेकॉर्ड होणार नाही." ते मावशीकडे वळले. "आणि ठोकळा मरायचा तो..."

"तुमच्या घोरण्याखाली गुदमरून," चिमटा म्हणाली.

"माझ्या केरसुणीचीही चूक होती, साहेब," मावशी म्हणाली. "आता आधी विचारते आणि मगच झाडते."

साहेबांनी मान खाली घातली. "माझ्यामुळे तुमची नोकरी जात होती. आणि मी तुमच्या मशीनला फुकट म्हणत होतो."

"फुकट तर आहेच ते," मावशी म्हणाली. "मी नाहीये."

अध्यक्षबाई उठल्या. ठोकळा राहील, त्याला मोठी डिस्क मिळेल आणि मावशीचा पगार वाढेल, असं त्यांनी जाहीर केलं. मागच्या लहान खोलीत साहेबांसाठी एक खाट टाकायची आणि खोलीच्या दाराला स्वतःचा लाल दिवा, ठोकळ्याशी काहीही संबंध नसलेला. मग त्या मुलांकडे वळल्या.

"बिघाड झाला की लोक बटण दाबतात. तुम्ही हात आवरून बघत बसलात. हे फार थोड्या मोठ्यांना जमतं. शाबास."

"मी तर एका वेळी एकच डोळा मिटत होतो," शेपूट म्हणालं.

"तुला जास्त शाबास."

ऐकण्याच्या खोलीतून आजोबा बाहेर आले. चेहरा तृप्त होता.

"कोण निघाला खुनी?" प्रोफेसरनं विचारलं. "माळी ना? मला पहिल्यापासून माहीत होतं."

"माळी सोडून कोणीही असू शकतं," आजोबा म्हणाले. "बाकीचं तू स्वतः ऐक."

त्या बिननावाच्या फाईलचं पुढं काय करायचं असा प्रश्न आला. पुसायला कोणाचंच मन होईना. शेवटी मावशीनं तिला 'दुपार' असं नाव दिलं आणि साहेबांनी ती पेन ड्राईव्हवर घरी नेली.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा डोळे लालच होते.

"काय झालं साहेब? मुली झोपल्या नाहीत?" मावशीनं विचारलं.

"फाईल लावली आणि दोघी चटकन झोपल्या. बायकोही झोपली." साहेबांनी जांभई दिली आणि मागच्या खोलीकडे वळले. "मलाच झोप लागली नाही. तो माणूस फार घोरतो."