दोरीला बांधलेलं कार्ड

खोटं वाटेल, पण मी तिथे उभी होते. गेल्या वर्षी तेरा फेब्रुवारीची संध्याकाळ. इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातलं, नदीकाठचं विनी आत्याचं घर.

आमच्याकडे त्या संध्याकाळी जॅक व्हॅलेंटाइन येतो. दारावर थाप मारतो, पायरीवर प्रेमाचं कार्ड ठेवतो आणि पसार होतो. काही दुष्ट लोक कार्डाला दोरी बांधतात. तुम्ही वाकलात की ओढतात... आणि झुडपामागे खिदळतात.

आत्या साठी उलटलेली, बिनलग्नाची. घराण्याचा इतिहास खणायचं तिला वेड. थडगी वाचून, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून तिने पणजीची बहीण शोधून काढली होती. केझाया.

"लग्न ठरलं होतं तिचं," चहा ओतत आत्या म्हणाली. "अशाच संध्याकाळी कार्ड सरकत गेलं, ही हसत त्यामागे गेली, ती थेट नदीत बुडाली. दोरी कुणी ओढली माहितेय? आपल्या पणजीने! आणि मग त्याच मुलाशी लग्न केलं."

"तुम्हाला कसली भीती, आत्या?" माझा नवरा डंकन म्हणाला. "तुम्हाला कोण कार्ड पाठवतंय!"

आत्या हसली. पण त्याचा कप तिने रिकामाच ठेवला. मला डंकनचा संताप आला.

तेवढ्यात...

थाप.

दारात कुणीच नव्हतं. पायरीवर कार्ड होतं. आत्या वाकली...

ते सरकलं.

"पोरं असतील," डंकन म्हणाला.

पण कुणी खिदळलं नाही. ओली दोरी गवतातून नदीकडे गेली होती.

"आत्या, हात लावू नकोस!"

"आयुष्यात पहिलं आलंय गं. बघू तरी दे."

कार्ड पुढे, ती मागे. हसत. अगदी काठावर मी तिची कंबर धरली. डंकनने दोरीवर पाय दिला.

दोरी तुटली. पाणी हललंसुद्धा नाही.

आत्याने कार्ड उलटून पाहिलं. त्यावर नाव होतं... हेझल. माझं.

"घे बाई," ती म्हणाली. "मेलेलीलासुद्धा मी नको."

तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला अजून झोपू देत नाही. त्यानंतर ती आमच्याकडे आली नाही.

यंदा त्याच संध्याकाळी आमच्या दारावर थाप पडली. मी घरात एकटी होते. दार न उघडता आत्याला फोन लावला.

वाजत राहिला... कुणी उचलला नाही.

पुन्हा थाप.

बाहेर केझायाच असू दे, अशी प्रार्थना करत मी बसून राहिले.