मुकुटाची जागा

छत्री

पाऊस तिरका पडत होता, आणि धक्क्यावर एक शहाणा माणूस स्वतः भिजत, छत्री दुसऱ्याच कुणावर तरी धरून उभा होता.

गुनवोरनं होडी धक्क्याला लावली. दोर टाकताना तिनं वाकून पाहिलं, तर छत्रीखाली कुणी नव्हतंच. डोंगराचं एक चित्र होतं. अर्धवट.

"त्याला सर्दी होते का?"

"कुणाला?"

"तुमच्या डोंगराला."

तो हसला. मिशीवरून पाणी ओघळलं. "डोंगराला नाही होत. रंगाला होते." मग तिच्याकडे पाहतच राहिला... जरा जास्तच वेळ. "तुम्ही अशाच थांबा ना. वल्हं हातात असू द्या."

"होडीत मासे आहेत. ते थांबायचे नाहीत."

पण ती थांबली. का, ते तिलाही —

डोळे

त्याचं नाव एइलर्ट. नॉर्वेच्या राजधानीहून आलेला. तिथल्या प्रदर्शनासाठी त्याला मोठं चित्र हवं होतं: होडीतून चर्चला निघालेली इथली, हार्डांगर खाडीकाठची नवरी. मासे खारवून झाले की गुनवोर त्याच्यासमोर बसायची.

"हलू नका."

"श्वास घेऊ?"

"थोडा."

"पण नवरीच का?"

"स्वीडनच्या राजाखाली राहून राहून आपल्याला आपला चेहराच आठवत नाही, गुनवोर. लोकांनी चित्रासमोर उभं राहावं आणि म्हणावं, हे आपण!"

असं बोलताना त्याचे कान लाल व्हायचे. तिला ते कान फार आवडायचे. तिनं स्वतः आपल्या होडीच्या झेंड्यावरची, कोपऱ्यातली स्वीडनची खूण उसवून तिथं साधा लाल तुकडा शिवला होता. हे मात्र ती सांगत नव्हती. कान पेटलेच असते.

"आता फक्त मुकुट हवा," एक दिवस तो म्हणाला.

मुकुट

गावाचा मुकुट मार्गिट आत्याच्या पेटीत असायचा. चांदीचा, सोन्याचं पाणी दिलेला, कडेनं इवली पानं लोंबणारा. गावातली प्रत्येक नवरी तो घालायची. लग्नाच्या दिवशी, एकदाच.

"चित्रासाठी?" आत्यानं भुवया उडवल्या. "आज चित्रासाठी दिला, तर उद्या नाटकासाठी मागतील!"

"मी कुठं मागतेय? तो मागतोय."

"मग त्याला म्हणावं, मुकुट मिळणार नाही. हवाच असेल तर नवरा होऊन ये."

गुनवोरनं निरोपाचा पहिला भाग पोचवला. दुसरा गिळला.

"हरकत नाही, मनानं रंगवतो," एइलर्ट म्हणाला. आणि रंगवला.

भुवई

(मध्ये चित्र वाळत होतं. त्या दिवसांत काहीच घडलं नाही. म्हणजे, ती कारण नसताना धक्क्यावर जात होती, आणि तोही कारण नसताना तिथंच सापडत होता.)

मग त्यानं चित्रावरचं कापड दूर केलं. मुकुटाखाली एक सुंदर मुलगी बसली होती. निळे डोळे. गुळगुळीत कपाळ.

"ही कोण?"

"तुम्ही... म्हणजे, नॉर्वे."

"माझे डोळे तपकिरी आहेत. आणि या भुवईवर शेळीनं शिंग मारलं होतं. तो व्रण कुठं गेला?"

"राजधानीतले लोक —"

"चेहरा आठवत नाही म्हणालात ना? मग माझा घेतलात, आणि धुऊन काढलात! मला वाटलं, इतके दिवस तुम्ही माझ्याकडे बघताय. तुम्ही हिच्याकडे बघत होतात. करा मग हिच्याशीच लग्न!"

लग्नाचं कुणी काढलं होतं? कुणीच नाही. दोघंही लाल. ती पळाली.

रिकामी जागा

शनिवारच्या बोटीनं तो जाणार होता. गुनवोर निरोपाला जाणार नव्हती. जाळं विणणार होती.

बोटीचा भोंगा वाजला, तशी ती जाळं हातात घेऊनच धावली.

बोट खाडीच्या वळणाला लागलेली. धक्का रिकामा... नव्हता. तो भिजत उभा, छत्री चित्रावर.

"बोट गेली," ती म्हणाली.

"हो. बघितली मी."

तिनं छत्रीखाली डोकावलं. तपकिरी डोळे. भुवईवर व्रण. मनगटाला चिकटलेला माशाचा खवला. मागे होडीचा झेंडा, आणि त्याच्या कोपऱ्यात —

"हे तुम्ही कधी पाहिलंत?"

"पहिल्याच दिवशी. तुकड्याचा लाल जरा वेगळा आहे."

चित्रातल्या डोक्यावर मात्र काही नव्हतं. नुसतं कोरं कापड.

"मुकुट?"

"खरवडला. तो तू कधी घालायचा, हे ठरवणारा मी कोण?"

"प्रदर्शनात घेतील असं?"

"नाही. त्यांना नवरी हवी होती." तो अडखळला. "गुनवोर, मला वाटलं, देश दाखवायचा तर तुला पुसावं लागेल. झालं उलटंच. तुला पुसलं, तशी ती खाडीही खोटी दिसायला लागली. मला... तू हवी आहेस. व्रणासकट."

गुनवोरनं छत्री त्याच्या हातातून घेतली आणि त्याच्या डोक्यावर धरली.

"अगं, रंगाला सर्दी होईल!"

"होऊ दे."

संध्याकाळी ती आत्याच्या दारात उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं.

"मुकुट हवाय."

"परत त्या चित्रासाठी?"

"चित्र आहे तसंच राहू दे, आत्या," गुनवोर म्हणाली. "मला हवाय."