बोटाखालचा बगळा

२०११ साली मी बावन्न वर्षांची होते, बिनलग्नाची, आणि लहान मुलांच्या एका वेबसाइटसाठी हलती चित्रं काढत होते.

एका दुपारी पाणी प्यायला उठले, तर कूलरपाशी एक अनोळखी माणूस फोन हलवत उभा.

"चित्रं काढणाऱ्या बाई तुम्हीच ना? तुमचा बगळा माझ्या फोनवर मेलाय."

"तुमचा फोन आजारी असेल. बगळा ठणठणीत आहे."

तो हसला... आणि मी पाणी प्यायचंच विसरले.

आमच्या गोष्टी फोनवर आणायला त्याला नेमलं होतं. सगळे त्याला फोनवालाच म्हणत. पण साहेबांचा हुकूम निघाला – हलती चित्रं फोनवर चालत नाहीत, शुक्रवारी स्थिर चित्रं टाका. माझ्या आठ वर्षांच्या साठ गोष्टी – थिजवायच्या?

"एक तरी हलवून दाखवू," मी फोनवाल्याला म्हटलं. "कराल मदत?"

"सेकंदाला चोवीस चित्रं फोनला झेपत नाहीत. बारा गाळा."

"पंख अडखळतील."

"तुम्ही काढलेत. अडखळायची त्यांची काय बिशाद!"

लोणी लावत होता मेला. पण बारावर मी तयार झाले. मग निराळंच त्रांगडं. कॉम्प्युटरवर माउसचा बाण जवळ नेला की बगळा डोळे उघडायचा.

"फोनवर बाणच नसतो," तो म्हणाला. "नुसतं जवळ जाऊन घुटमळता येत नाही. हात लावायचा, नाहीतर लांब राहायचं."

"मग... लावावा हात," मी म्हटलं – आणि आम्ही दोघंही फोनकडेच बघत राहिलो.

पण बोट ठेवलं की बगळाच झाकला जायचा! शेवटी मी नवा काढला, बोट लागताच मान उंच करून वरून डोकावणारा.

शुक्रवारी साइटवर तोच गेला.

"कुणाला विचारून?" साहेब कडाडले.

"कुणालाच नाही. माझ्या गोष्टी हलणार नसतील तर काढून टाका. मलाही."

"आणि मलाही," मागून फोनवाला म्हणाला.

साहेबांनी बगळ्यावर बोट ठेवलं. मान वर आली. पुन्हा ठेवलं. पाचव्यांदा ठेवून म्हणाले, "उरलेल्या एकोणसाठांना किती दिवस लागतील?"

जिन्यात फोनवाला थांबला. "मी तुमच्याहून सात वर्षांनी लहान आहे. ती... गाळता येतील?"

"एकही गाळायची नाही. आहेत तशी चालत असतील तर बोला."

"चालतील," तो म्हणाला, आणि त्यानं माझा हात धरला.

"या वयात? लोक काय म्हणतील?" घरी वहिनी म्हणाली.

"लग्न केलं नाही म्हणून बोलले, आता केलं म्हणून बोलतील. त्यांच्या तोंडाला काम नको?"

पुढे एक्केचाळीस गोष्टी फोनवर आल्या, मग साइटच बंद पडली. साहेब निवृत्त होऊन मधमाश्या पाळू लागले. दादा वर्षभर माझ्याशी बोलला नाही; शेवटच्या आजारात मात्र उठून बसायला त्याला फोनवालाच लागायचा. वहिनी आता आमच्याकडेच असते आणि त्याच्याशी पत्त्यांत लबाडी करते.

माझा उजवा हात थरथरतो. मी रेघ ओढते तेव्हा फोनवाला कागद घट्ट धरतो. डॉक्टर म्हणाले, "आता चित्रं पुरे."

आम्ही डॉक्टर बदलला.