पृथ्वीजोगी हाडं

चंद्रावरच्या वसाहतीतल्या प्रयोगशाळेत डॉ. नसीम बागवान यांनी पडद्यावर एक हाड दाखवलं. आठ वर्षांच्या मिहिकाच्या मांडीचं. आतून ते जाळीसारखं पोकळ दिसत होतं.

“ती इथेच जन्मली,” डॉक्टर म्हणाल्या. “इथे वजन पृथ्वीच्या एक षष्ठांश. हाडांवर भारच आला नाही, म्हणून ती भरली नाहीत. अशीच पृथ्वीवर नेली तर चार पावलांत मोडतील.”

समोर मिहिकाचे आईबाबा बसले होते. अरुंधती आणि शिरीष कानडे, दोघंही खाणअभियंते. मुलगी प्रवासाजोगी झाली की तिघांनी साताऱ्याला परतायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

डॉक्टरांनी ‘अस्थिवर्धिनी’बद्दल सांगितलं. पुरुषी संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेलं कृत्रिम औषध. “स्नायू आणि हाडं बांधायचा गुण ठेवलाय, दाढीमिशा आणणारा बराचसा काढलाय. बराचसा, सगळा नाही. आवाज घोगरा होईल. यकृतावर ताण येतो, त्यामुळे तीन वर्षांपलीकडे देता येणार नाही. आणि हाडांची वाढणारी टोकं लवकर बुजतील. उंची तिथेच थांबेल.”

“पण चालेल ना ती?”

“चालेल.”

अरुंधतीने शिरीषकडे पाहिलं आणि मान हलवली.

तीन वर्षांनी मिहिका फिरत्या दालनात, पृथ्वीइतक्या वजनाखाली, धावली. आवाज भरड झाला होता, डोकं आईच्या छातीच्या वर गेलं नव्हतं. पण ती धावली.

इतक्या वर्षांत आईबाबांचीही हाडं विरळ झाली होती, म्हणून मग शिरीषने तेच औषध स्वतःला सुरू केलं. काही आठवड्यांत त्याचे खांदे रुंदावले. त्याने दालनात अरुंधतीला उचलून दाखवलं, आणि ती हसली. पुढच्या आठवड्यात तो तिथेच खुर्चीवरून उठायला गेला आणि गुडघ्यात काहीतरी कडकन तुटलं.

“स्नायूने हाडाचा तुकडाच ओढून काढलाय,” डॉक्टर म्हणाल्या. “मिहिकाची हाडं वाढीला लागलेली होती, म्हणून भरली. तुमची वाढ केव्हाच संपलीय. स्नायू फुगले, हाड ठिसूळच राहिलं. आता तुमची ताकदच तुम्हाला मोडेल.”

“आणि मी?” अरुंधतीने विचारलं.

“तुमची हाडं यांच्याहूनही विरळ आहेत, ताई. तुम्ही दोघंही आता उतरू शकणार नाही.”

“मग कुणीच जायला नको,” शिरीष म्हणाला. “इथेच राहू तिघं.”



“औषध दिलं नसतं, तर ती इथे राहू शकली असती,” डॉक्टर म्हणाल्या. “आता तिची हाडं पृथ्वीसाठी भरलीत. इथे भार नाही, औषधही बंद. शरीर नको असलेलं हाड विरघळवतंय. ते सगळं कॅल्शियम मूत्रपिंडात जातंय. दोन्हीकडे खडे दिसायला लागलेत.”

“दालनात ठेवू तिला.”

“झोप, जेवण, शाळा, सगळं त्या फिरत्या खोलीत? आणि किती वर्षं? तिला खाली जावंच लागेल. लवकर.”

अरुंधतीला काहीच वाटलं नाही. तिने शिरीषच्या हातावर हात ठेवला. तो गार आहे की ऊन, तेही तिला कळलं नाही.

यान सुटण्याच्या दिवशी मिहिकाने स्वतःच पट्टे आवळले. बाकीचे प्रवासी सहा महिन्यांच्या पाळीवर आलेले कामगार होते. ते घरच्यांबद्दल मोठमोठ्याने बोलत होते.

“मावशी येणार ना न्यायला?” मिहिकाने घोगऱ्या आवाजात विचारलं.

“हो.”

“पण तिने मला कधी समोर पाहिलंच नाहीये. एवढ्या माणसांत ओळखेल कशी?”

शिरीषने कुबडीवर रेलून तिचे पट्टे पुन्हा तपासले. अरुंधतीने तिची कॉलर सरळ केली.

“ओळखेल,” ती म्हणाली. “लहान मूल तू एकटीच असशील.”

मिहिकाला ते पटलं.